७.४ अंशांवरचं ते शिखर

सापो-३४ म्हणजे मेथॅनॉलपासून ऑलेफिन्स (इथिलीन, प्रोपिलीन) बनवणारा सच्छिद्र, स्फटिकी उत्प्रेरक. कागदावर त्याची कृती चार ओळींची आहे. फॉस्फोरिक आम्लात स्यूडोबोहमाइट (अ‍ॅल्युमिना त्यातून येतं), मग कोलॉइडल सिलिका, टेम्प्लेट म्हणून, म्हणजे ज्याच्याभोवती स्फटिक घडतो तो रेणू म्हणून, ट्रायइथिलअमाइन, आणि २०० अंश सेल्सियसवर ऑटोक्लेव्ह या दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात दोन दिवस. माझे त्यात पाच महिने गेले, पैकी साडेतीन एका शिखरापायी.

एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीच्या आलेखात, सापो-३४ चं पहिलं मोठं शिखर ९.५ अंशांच्या (हे कोनाचे अंश) आसपास येतं. ते दर वेळी यायचं, पण अलीकडे ७.४ ला दुसरंही उभं असायचं: सापो-५, त्याच मिश्रणातून होणारा नको असलेला स्फटिक. सापो-३४ च्या खिडक्या जेमतेम ३.८ अँगस्ट्रॉमच्या, म्हणून मेथॅनॉलपासून झालेलं इथिलीन-प्रोपिलीन बाहेर पडतं आणि मोठे रेणू पिंजऱ्यातच राहतात. सापो-५ च्या वाहिन्या ७.३ अँगस्ट्रॉमच्या. ही भेसळ असलेल्या नमुन्यावर ऑलेफिन्सचे आकडे काढून काय उपयोग?

मी सिलिका बदलली, तापमान बदललं, वेळ वाढवला. दर खेपेला धुणं, वाळवणं आणि एक्सआरडीच्या रांगेत आठवडाभर थांबणं. त्या रांगेचा राग अजून गेलेला नाही. यंत्रावर अर्ध्या तासाचं काम, आणि तेवढ्यासाठी आठ-आठ दिवस आपण नेमकं काय चुकवलं हेच कळत नाही.

चूक ढवळण्यात होती. ऑटोक्लेव्हमध्ये जायच्या आधीचं दाट मिश्रण, म्हणजे जेल, रात्रभर उघड्या बीकरमध्ये फिरत असे. ट्रायइथिलअमाइन ८९ अंशांना उकळतं, पण साध्या तापमानालाही भराभर उडतं. फ्यूमहूडजवळ गेलं की माशासारखा वास यायचाच. एकदा संध्याकाळी आणि सकाळी वजन घेतलं, सामूही मोजला; दोन्ही उतरले होते. अमाइन कमी पडलं की हे जेल सापो-५ कडे वळतं, हे मी आधी वाचलेलं होतं!

पुढच्या खेपेला अमाइन सगळ्यात शेवटी घातलं, अ‍ॅल्युमिनाच्या तिप्पट मोल, आणि झाकण घट्ट लावूनच ढवळलं. ७.४ ला सपाट रेषा आली तेव्हा मी तो आलेख छापून टेबलावर चिकटवला.

सिलिकॉन हात राखून घाला. त्याने आम्लता वाढते, आणि आम्लता वाढली की कोक, म्हणजे उत्प्रेरक बंद पाडणारी काजळी, लवकर साचतो. स्फटिक लहान असतील तर उत्प्रेरक जास्त टिकतो. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: टेफ्लॉनचं भांडं प्रत्येक खेपेनंतर गरम कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) धुवा, जुने स्फटिक बियाण्यासारखे वागतात. ५५० अंशांवर टेम्प्लेट जाळलेला नमुना दमट हवेत उघडा ठेवू नका, त्याची रचना हळूहळू ढासळते. मी आता वापरायच्या आदल्या दिवशीच जाळते.