हातचा एक

इयत्ता दुसरीत, जिच्या महोत्सवानिमित्त हे लिहीत आहे त्याच प्रशालेच्या जुन्या कौलारू इमारतीत, बाईंनी आम्हाला हातच्याची बेरीज शिकवली. "आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक" असे म्हणताना डाव्या हाताचे एक बोट उभे धरायचे आणि दशकाच्या घराची बेरीज होईपर्यंत ते मिटायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यानंतर नऊ वर्षांनी, अकरावीत इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्षी विषय घेतल्यावर, तेच बोट मला एका लाल एलईडीच्या रूपाने पुन्हा भेटले. स्नेहसंमेलने, सहली आणि मधल्या सुट्टीतल्या खोड्या यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मी मात्र हातच्यावरच लिहायचे ठरवले आहे, कारण माझे पोट आजवर त्याच्यावरच चालले आहे.

आमची इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील खिडकीलगतची दोन टेबले आणि एक लोखंडी कपाट. कपाटात थर्मोकोलच्या तुकड्यावर ओळीने टोचून ठेवलेल्या आयसी, म्हणजे आत सारी जोडणी तयार असलेल्या बारीक पायांच्या चिप, असत. जोडणीसाठी टेलिफोनच्या जुन्या केबलमधून सोडवलेल्या रंगीत तारा वापरायच्या, ७८०५ ही व्होल्टेज पाचावर स्थिर ठेवणारी आयसी घालून सरांनी स्वतः बांधलेल्या पुरवठ्यातून पाच व्होल्ट घ्यायचे आणि सारी मांडणी ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या छिद्रांच्या पाटीवर, करायची. शून्य आणि एक हे वहीत लिहिताना फार पवित्र वाटत. पण सरांनी पहिल्याच तासाला मल्टिमीटर हातात देऊन दाखवले, की या आयसीच्या लेखी ०.८ व्होल्टच्या खालचे सारे शून्य आणि २ व्होल्टच्या वरचे सारे एक, आणि मधल्या पट्ट्यात सापडलात तर तुमचे नशीब. मोकळी सोडलेली पिन ही शून्य नसून टीटीएल, म्हणजे आमच्या कपाटातल्या जातीची, आयसी तिला एक समजते, हे मात्र सांगून कोणालाच पटले नाही. तीन प्रात्यक्षिके फसल्यावर ते आपोआप पटले.

प्रात्यक्षिके सुरू होण्याआधी एकदा सरांनी आख्खा वर्ग जिन्यात नेला होता. जिन्याचा दिवा खालच्या बटणानेही लागे आणि वरच्यानेही. दोन्हींपैकी कोणतेही एक बटण दाबले, की दिव्याची स्थिती उलटी होई. "दोन्ही बटणे सारखी असली की दिवा बंद, वेगळी असली की चालू. वायरमन याला टू-वे म्हणतो, आपण एक्स-ऑर म्हणू," एवढे सांगून सर आम्हाला परत वर्गात घेऊन आले. जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकात तर्कासाठी मांडलेले बीजगणित विजेच्या स्विचांनाही लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या प्रबंधात दाखवले होते, ही माहिती त्यांनी नंतर दिली. क्रम त्यांनी योग्यच लावला होता. आधी प्रबंध आला असता तर जिना आमच्या लक्षात राहिला नसता.

पहिले खरे प्रात्यक्षिक अर्ध-बेरजेचे, म्हणजे हाफ ॲडरचे. सर फळ्यावर लिहीत गेले: शून्य आणि शून्य शून्य, शून्य आणि एक एक, एक आणि शून्य एक. चौथ्या ओळीला ते थांबले आणि म्हणाले, "एक आणि एक दोन. पण आपल्याकडे दोन हा अंकच नाही. मग काय करायचे?" मागच्या बाकावरून कोणीतरी दुसरीतल्या सुरात ओरडले, "शून्य लिहिले, हातचा एक!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले.

ही बेरीज केवळ नँड गेट वापरून करायची होती. गेट म्हणजे आत येणाऱ्या शून्य-एकांवरून एकच शून्य किंवा एक बाहेर देणारी जोडणी. नँडचा स्वभाव असा, की दोन्ही आत येणारे संकेत एक असतील तेव्हाच तो शून्य देतो, एरवी एक. ७४०० या चौदा पायांच्या आयसीत असे चार गेट असतात आणि चार गेटांत जिन्यातला दिवा, म्हणजे बेरजेचा अंक, बरोबर तयार होतो. हातचा त्यांतल्या पहिल्याच गेटावर आयता, पण उलटा मिळतो. तो सुलटा करायला पाचवा गेट लागतो आणि त्या एका गेटासाठी दुसरी आयसी लावावी लागते. मला तो सरकारी उधळपट्टीचा प्रकार वाटला होता. हिरवा एलईडी बेरजेचा, लाल हातच्याचा. दोन्ही तारा पाच व्होल्टला लावल्या, हिरवा विझला, लाल लागला, आणि माझा डावा हात नकळत वर झाला. शेजारच्या मुलाने ते पाहिले आणि वर्षभर मला त्यावरून चिडवले.

पुढे चार बिटांच्या, म्हणजे शून्य-एकाच्या चार घरांच्या, बेरजेसाठी ७४८३ ही तयार आयसी आली आणि माझी एक दुपार वाया गेली. सोळा पायांची आयसी, तेव्हा सवयीने सोळाव्या पायाला पाच व्होल्ट आणि आठव्याला ग्राउंड दिले. एकही एलईडी धड पेटेना. मी तारा बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला, शेवटी आयसी जळाली आहे असा निकाल देऊन मोकळा झालो. सर आले, त्यांनी आयसीच्या पाठीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "गार आहे. जळाली असती तर आपल्याला कळले असते. हिला कोणी जेवायलाच घातलेले नाही." डेटाबुक उघडले तर पुरवठा पाचव्या पायाला आणि ग्राउंड बाराव्याला! सोळावा आणि आठवा हे तर बेरीज करायच्या संख्यांचे पाय होते. शिक्षा म्हणून सरांनी मला कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तैलरंगाने लिहायला लावले: "७४८३ – ५ आणि १२".

बारावीला ८०८५ चे किट आले. इंटेलने १९७६ मध्ये आणलेला हा चाळीस पायांचा प्रोसेसर, सोळा अंकांच्या (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) कळा आणि सात रेघांचे लाल आकडे. २८ आणि ३९ यांची बेरीज करायची म्हणून मी ३ई २८, ०६ ३९ आणि ८० (२८ घे, ३९ घे, बेरीज कर) हे आज्ञांचे आकडे भरले, उत्तर मेमरीच्या एका घरात ठेवले आणि पाहिले तर ६१. पुन्हा केले, पुन्हा ६१. चूक यंत्राची नव्हती. आठ आणि नऊ सतरा. पण त्याच्या एका घरात सोळा मावतात, म्हणून त्याने एक लिहिला आणि हातचा एक धरला. हा मधल्याच घरातला हातचा ८०८५ विसरत नाही, ऑक्झिलरी कॅरी नावाच्या एका बिटात जपून ठेवतो. बेरजेनंतर २७ ही आज्ञा दिली, की तो बिट पाहून उत्तरात सहा मिळवले जातात. ६७! दहाच्या घरांनी मोजणाऱ्या माणसासाठी सोळाच्या घरांनी मोजणाऱ्या यंत्राने केलेली ही तडजोड मला आजही विलक्षण वाटते.

आता मी चिपच्या आरेखनात काम करतो, आणि तिथेही वाट अडवून बसतो तो हातचाच. नँडच्या पूर्ण बेरजेत, म्हणजे मागून आलेला हातचाही मिळवणाऱ्या जोडणीत, हातचा प्रत्येक घरी दोन गेटांतून जातो. ७४०० च्या काळातला गेट साधारण १० नॅनोसेकंद घेई; म्हणजे बत्तीस घरांच्या बेरजेत सर्वांत डावीकडचा अंक ६४ गेटांसाठी, ६४० नॅनोसेकंद, ताटकळणार, आणि तोवर चिपमधल्या घड्याळाचा पुढचा ठोका देता येणार नाही. म्हणून प्रत्येक घराला हातचा येईल की नाही हे त्याची वाट न पाहता आधीच ताडणारी वेगळी जोडणी करतात. चार्ल्स बॅबेज यांनी दातेरी चाकांच्या यंत्रातही हीच युक्ती योजली होती. तरुण सहकाऱ्यांना हे समजावताना मी अजून बोट उभे धरतो. त्यांतल्या मराठी मुलांना लगेच कळते, बाकीच्यांना आकृती काढून द्यावी लागते.

महोत्सवाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत आता संगणकांची रांग आहे आणि ते लोखंडी कपाट क्रीडासाहित्याच्या खोलीत, लेझिमांच्या ढिगाशेजारी उभे आहे. दार उघडून पाहिले. माझी ओळ रंग उडाला तरी वाचता येते. तिच्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, निळ्या रंगाने, "७४७६ – ५ आणि १३" असे लिहिले आहे, आणि त्याच्याही खाली, जरा तिरके, "७४९० – ५ आणि १०".