शाफ्ट बनवून घ्या, बेअरिंग तयार घ्या

मशीनचा कोणता भाग बनवून घ्यायचा आणि कोणता तयार घ्यायचा, हे ड्रॉइंगची पहिली रेघ मारण्याआधी ठरवायला हवं. समजा, हिशोबात शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) किमान व्यास १८.६ मिमी आला आणि कागदावर १९ लिहिला. लेथला १९ काय, २० काय, सारखंच. पण ६२ मालिकेच्या बेअरिंगमध्ये १७ च्या बोअरनंतर (आतल्या भोकानंतर) थेट २० येतो. मग १९ साठी मधे बुश (पातळ नळी) घालावा लागतो, म्हणजे आणखी एक भाग आणि आणखी एक फिट, म्हणजे जुळणी. तेच २० धरलं, तर ६२०४ बेअरिंग (बोअर २० × बाहेरचा व्यास ४७ × रुंदी १४), २० × ३५ × ७ चं ऑइल सील (तेल अडवणारी रिंग), ६ × ६ ची चावी (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारी पट्टी), २० ची सर्क्लिप (भाग सरकू नये म्हणून खाचेत बसणारी रिंग), सगळं आयतं मिळतं. उद्या बेअरिंग गेलं, तरी मशीन अडून राहत नाही.

तयार भाग ठरले की त्यांच्या मापांवरून शाफ्ट काढायचा. फिरत्या शाफ्टवर बेअरिंगच्या जागी साधारण के६ (मापात किती फरक चालेल, त्याचा ठरलेला दर्जा), म्हणजे २०.००२ ते २०.०१५, हाउसिंगला (बेअरिंग बाहेरून जिथे बसतं त्या भोकाला) एच७, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५. सर्क्लिपची खाच १९ व्यासाची, १.३ रुंद. बाकी लांबीला ±०.१ पुष्कळ झालं. सरसकट प्रत्येक मापाला मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागाची) अचूकता लावणं म्हणजे विनाकारण खर्च वाढवणं.

ऑइल सीलची जागा मात्र जपा. टूलच्या खुणा मळसूत्रासारख्या राहिल्या, तर शाफ्ट फिरताना तेल त्या खुणांवरून बाहेर ढकललं जातं आणि दोष नव्या सीलवर येतो. ती जागा ग्राइंडिंगनेच करायची, तीही चाक आडवं न सरकवता, सरळ आत घालून.

मधला मार्गही आहे आणि मला तोच जास्त पटतो: लहान बोअरचं तयार स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) घेऊन बोअर आपल्या मापाला वाढवायचा. फक्त साध्या तीन जबड्यांच्या चकमध्ये धरून लगेच टूल लावू नका. सॉफ्ट जॉ (भागाच्या मापाला कापून घेतलेले मऊ जबडे) वापरा आणि दातांच्या तळाला डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डुलतं, ते बघा. बोअर केंद्रातून सरकला, तर चेन एका जागी ताणते, अर्ध्या फेऱ्यानंतर सैल पडते.

मोठ्या संख्येला हिशोब बदलतो. डाय किंवा मोल्डचा खर्च हजारो नगांवर विभागला गेला की खास भागही परवडतो.

स्प्रिंग बनवून घेताना तर एक चूक हमखास होते: जुनी स्प्रिंग मोजून तीच लांबी कळवायची. पण ती दबून आखूड झालेली असते, म्हणून तर बदलायची वेळ आली! नवीही तेवढीच आखूड येते, जोर पहिल्यापासूनच कमी. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, टोकं घासलेली की नाहीत, हे तर द्याच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामाच्या दोन लांब्या आणि त्या प्रत्येक लांबीला लागणारा जोर. मोकळी लांबी स्प्रिंगवाल्याला त्यावरून काढू द्या.