हँडल लॉक जड झालं तेव्हा

मोटरसायकलचं हँडल लॉक जड व्हायला लागलं की माणूस लॉक करणंच सोडतो. दोन मिनिटांसाठी तर दुकानात जायचंय, कशाला खटपट, असं म्हणत नुसती किल्ली काढून निघतो. आमच्या सोसायटीतून पावसाळ्यात चोरीला गेलेली गाडी अशीच उभी होती. खालच्या मजल्यावरच्या काकांची. लॉक लागताना फार नडायचं म्हणून ते लावतच नव्हते. कॅमेऱ्यात दिसतं ते इतकंच: एक जण येतो, गाडी स्टँडवरून काढतो आणि ढकलत गेटबाहेर नेतो. तिथे दुसऱ्या गाडीवर साथीदार थांबलेला. तो मागून पाय लावून टोचन देतो आणि दोन्ही गाड्या निघून जातात. हँडल मोकळं असलं की चोराला इंजिन चालू करायचीही गरज पडत नाही. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. लॉक अडकतं हा नुसता वैताग नाही, चोरीची सुरुवात तिथूनच होते.

माझी गाडी वडिलांची, २०११ची, शंभर सीसीची, कार्ब्युरेटरवाली. एकदा टिळक रोडवर पावसात उभी केलेली असताना तिचं लॉक असं बसलं की सुटेना. किल्ली पूर्ण आत जात होती, पण फिरत नव्हती. बाजूच्या दुकानदाराने पक्कड आणून दिली. वॉचमनदादांनी मात्र तिथल्या तिथे थांबवलं, "पक्कड लावू नका साहेब. किल्ली आत तुटली तर रात्रभर इथेच बसाल."

त्यांचं बरोबर होतं. किल्ली पूर्ण आत जाऊन फिरत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा किल्लीत नसतो, दाबात असतो. इग्निशनच्या, म्हणजे किल्लीच्या स्विचच्या, खालून लोखंडाची एक पिन बाहेर येते आणि गाडीच्या मानेवरच्या खाचेत बसते. हेच हँडल लॉक. साइड स्टँडवर गाडी कलली, किंवा पार्किंगमध्ये कुणी हँडलला धक्का देऊन आपली गाडी काढली, की ती पिन खाचेच्या कडेला दाबली जाते. मग कितीही जोर लावा, वाकते ती किल्लीच. मी गाडी मेन स्टँडवर घेतली. डाव्या हाताने हँडल आणखी डावीकडे, अगदी टेकेपर्यंत रेटलं आणि तिथेच किंचित मागेपुढे हलवत राहिलो. उजव्या हाताने किल्लीवर हलका, सारखा दाब. पिन मोकळी झाली की कट्‌ असा आवाज येतो आणि किल्ली आपोआप फिरते. हँडल हलवायचं, किल्ली नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी बऱ्याच किल्ल्या वाचतील.

त्या दिवशी सुटलं, पण दुखणं गेलं नव्हतं. रविवारी पार्किंगमध्ये बसून लॉक साफ केलं. लॉक साफ करायच्या स्प्रेची बारीक नळी किल्लीच्या भोकात घालून थोडा फवारा मारला, किल्ली आतबाहेर केली आणि दर वेळी फडक्याला पुसली. आधी नुसता काळा चिखल आला. पुण्याच्या रस्त्यावरची धूळ आणि पावसाचं पाणी, दुसरं काय असणार. मग त्या काळ्यात पितळेचे बारीक कण चमकायला लागले. ते पाहून मात्र काळजी वाटली. लॉकच्या आत पितळेच्या छोट्या पत्र्या असतात, किल्लीचे दात त्यांना ठरलेल्या उंचीवर आणतात आणि मगच लॉक फिरतं. फडक्यावर दिसत होता तो त्या पत्र्यांचा भुगा.

इथे एक सांगायलाच हवं, कारण घरोघरी हेच होतं: लॉकमध्ये खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडू नका. चार दिवस लोण्यासारखं चालतं, मग त्या तेलात धूळ बसते आणि पुढच्या पावसात लॉक पहिल्यापेक्षा घट्ट होतं. स्प्रेने धुऊन घ्या, पूर्ण सुकू द्या आणि मग ग्रॅफाइटची कोरडी पावडर घाला. ती नसेल तर किल्लीच्या दोन्ही बाजूंना मऊ शिशाची पेन्सिल घासून आतबाहेर करा. ग्रॅफाइट आणि तेल एकत्र मात्र करू नका, त्याचं काजळ होतं.

साफसफाईने किल्ली छान फिरायला लागली. पण पितळेचा तो भुगा मनातून जात नव्हता. शेजारच्या मुलाकडे याच जातीची गाडी आहे. त्याला म्हटलं, तुझी किल्ली दे जरा. ती माझ्या लॉकमध्ये घातली, थोडी मागे ओढली, हलवली आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. दोघंही बघत राहिलो. तो म्हणाला, "दादा, म्हणजे मी तुमची गाडी नेऊ शकतो?" नेऊ शकत होताच की. झिजलेलं लॉक आपल्या किल्लीला अडतं आणि परक्या किल्लीला उघडतं. मास्टर चावीने गाड्या चोरल्याच्या बातम्या येतात त्यात जादू काही नसते, असली झिजलेली लॉकंच त्यांना लागतात.

किल्लीवाल्या काकांकडे गेलो, तर त्यांनी नवी किल्ली करून द्यायला साफ नकार दिला. म्हणाले, "झिजलेल्या किल्लीवरून किल्ली केली तर तीही झिजलेलीच होणार. आणि तुमच्या तर पत्र्याच गेल्यात. पैसे घालवू नका, सेट बदला." हातात आलेलं काम सोडून खरं सांगणारा माणूस. ज्यांच्या पत्र्या शाबूत आहेत त्यांनीही एवढं करावं: नवी किल्ली करायची तर घरात पडून असलेल्या, न वापरलेल्या दुसऱ्या किल्लीवरून करावी.

लॉकसेट नाना पेठेत मिळाला. सेट म्हणजे इग्निशन, पेट्रोल टाकीचं झाकण आणि साइड पॅनेलचं लॉक, तिन्हीला एकच किल्ली. नुसतं इग्निशनही मिळतं, पण मग खिशात दोन किल्ल्या बाळगाव्या लागतात. दुकानदाराने स्वस्तातला सेटही दाखवला. त्याची किल्ली अर्धवट फिरवूनही बाहेर निघत होती. नवं लॉकच असं असेल तर बदलायचं कशासाठी? बंद पाकिटातला, पार्ट नंबर छापलेला सेटच घेतला.

बसवायचं काम घरी करण्यासारखं नव्हतं. मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली, हेडलाइट उतरवून आतला कपलर सोडवला. खरा वेळ गेला तो बोल्टमध्ये. इग्निशन वरच्या टीला (हँडल ज्यावर बसतं त्या जाड पट्टीला) खालून बोल्टने धरलेलं असतं आणि माझ्या गाडीत त्यातल्या एका बोल्टला डोकंच नव्हतं. हे मुद्दाम केलेलं असतं, आवळताना डोकं तुटून पडावं म्हणून, म्हणजे पुन्हा पान्याला धरायला काही उरत नाही. नवीन बसवताना मिस्त्री साधा ॲलन बोल्ट लावत होते, पुढच्या वेळी सोपं जाईल म्हणून. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हाला सोपं, तसं चोरालाही सोपं. सेटमध्ये आलेला तुटणारा बोल्टच लावून घेतला.

मिस्त्रींनी जाता जाता टी आणि कॉनसेटही (मानेतलं बेअरिंग) तपासला. गाडी कधी जोरात पडली असेल आणि टी किंवा हँडलचा स्टॉपर वाकला असेल, तर पिन खाचेसमोर येतच नाही. मग नवं लॉक घातलं तरी अडकतंच. माझं ठीक निघालं. हेडलाइट उतरलेलाच होता, तेव्हा मानेच्या नळीवरचा चॅसी नंबर फडक्याने घासून त्याचा फोटो काढून घेतला. एरवी तो वायरी आणि चिखलाखाली दबलेला असतो, आणि तक्रार द्यायची वेळ आली तर पोलीस तोही विचारतात.

नवं लॉक लागलं तरी त्याच्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही, हे मला मिस्त्रींनीच पटवलं. हँडलवर पाय देऊन जोराचा झटका मारला तर शंभर सीसीच्या गाडीची ती पिन तुटू शकते. आणि गाडी उचलून टेम्पोत घालणाऱ्याला तर हँडल लॉकचा अडथळाच नाही. म्हणून दुसरं कुलूप हवं. ज्यांच्या पुढच्या चाकाला डिस्क आहे त्यांनी डिस्क लॉक घ्यावं, आणि त्यासोबतची रंगीत वायर हँडलला अडकवून ठेवावी, नाहीतर कुलूप विसरून गाडी पुढे घेतली की पडणार. माझ्या गाडीला ड्रम ब्रेक, म्हणून चौकोनी कड्यांची जाड साखळी घेतली. ती मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातून) घेऊन खांबाला बांधतो. नुसत्या पुढच्या चाकात अडकवली तर चाक सोडून बाकी गाडी नेता येते. साखळी जमिनीवर लोळूही देऊ नये, फरशीवर ठेवून हातोडा मारणं सोपं असतं. बाजारातल्या प्लास्टिक चढवलेल्या बारीक केबल मात्र एका कटरच्या दाबाच्या, त्यांच्यावर विसंबू नये.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करता येतो, रात्री मी तो करतो. चोर थोडा पुढे जाऊन अडकतो इतकंच, पण तेवढंही खूप. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहाच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत हा कॉक सहसा नसतो. तिथे चोर स्विच, म्हणजे इंजिन बंद ठेवणारा लपवलेला स्विच, लावून घेता येतो, पण जाणत्या माणसाकडूनच. कच्च्या जोडणीने हायवेवर इंजिन बंद पडलं तर चोरीपेक्षा मोठा घात होईल.

गाडी चोरीला गेलेल्या काकांसोबत मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. भारतीय न्याय संहितेच्या ३०३ (२) कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. खरा धक्का बसला तो विम्याच्या बाबतीत. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. काकांकडे तो होता, अजून चालूही होता, म्हणून ते निर्धास्त होते. पण चोरीची भरपाई मिळते ती ओन डॅमेजमधून, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यातून, आणि त्यांचा तो भाग एकाच वर्षाचा होता, कधीच संपलेला. पावतीवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. आत्ता पॉलिसी उघडून तेवढ्या बघा. नुसता ओन डॅमेजही वेगळा घेता येतो. मी वडिलांच्या जुन्या गाडीचा घेतला. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि आपण मिळून ठरवायची असते, ती फार नसते, पण शून्यही नसते.

दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. म्हणून नव्या सेटची दुसरी किल्ली आणि किल्लीच्या नंबरची पट्टी पॉलिसीच्या फायलीत ठेवली आहे, रोजच्या जुडग्यात नाही. मूळ आरसीही आता गाडीत नसते, डिजीलॉकरमधली चालते.

सोसायटीच्या बैठकीत पार्किंगच्या खांबांना साखळीसाठी लोखंडी कड्या बसवायचं ठरलं. ए विंगच्या बसल्या, बी विंगचं वेल्डिंग पुढच्या महिन्यात आहे.