अपग्रेडनंतर घरच्या फायरवॉलची मेमरी कुठे जाते?

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या मुक्तस्रोत फायरवॉलची नवी आवृत्ती बसवल्यापासून आमच्या घरचे इंटरनेट पहाटे काही काळ ठप्प होऊ लागले. ४ जीबी मेमरीचा, पंखा नसलेला एक छोटा संगणक हे काम करतो आणि अपग्रेडपूर्वी त्याची काहीच कुरकुर नव्हती. अशा वेळी मेमरी वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. पण असलेली मेमरी कशात खर्च होते हे कळल्याखेरीज नवी विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

इंटरनेट बंद वाटत असतानाही १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्यावर केलेल्या पिंगला (पोहोच तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर येत होते, नाव टाइप करून मात्र एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. म्हणजे फायबर, मोडेम आणि सेवा पुरवठादार यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. रेंगाळत होता तो फायरवॉलवरचाच अनबाउंड हा, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर.

मेमरीचा वापर दाखवणारी 'टॉप' कमांड चालवली की 'फ्री'समोरचा छोटा आकडा पाहून जीव घाबरतो. पण त्यावर विसंबू नये, कारण 'वायर्ड'मध्ये मोजली जाणारी बरीचशी मेमरी झेडएफएस या फाइल सिस्टीमची एआरसी ही कॅश (वेगासाठी हाताशी ठेवलेला डेटा) असते आणि गरज पडली की ती बरीचशी मोकळी होते. पाहायला हवा तो स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा, आणि आमच्याकडे नेमका तोच भरत चालला होता. सिस्टीम लॉगमध्ये पहाटेच्या त्याच वेळेला, मेमरी मोकळी करता न आल्यामुळे सुरिकाटा ही, वाहतुकीत हल्ल्यांच्या खुणा नियमांनुसार शोधणारी प्रक्रिया बंद केल्याची नोंद सापडली आणि ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये सुरिकाटाचे नियम अद्ययावत करण्याची वेळही तीच निघाली.

कारण समजून घेण्यासारखे आहे. चालू सुरिकाटा नवे नियम घेते, तेव्हा नवा संच पूर्ण तयार होईपर्यंत जुना सोडत नाही, म्हणजे काही काळ दोन्ही संच मेमरीत राहतात. हजारो नियम निवडलेले असतील, तर एरवी काठोकाठ भागणारी मेमरी या क्षणी अपुरी पडते आणि अनबाउंडसारख्या इतर सेवाही रेंगाळतात. अपग्रेडनंतर प्रत्येक सेवेचा भार थोडाथोडा वाढला आणि उरलीसुरली मोकळी जागा संपली.

घरात वेब सर्व्हर, मेल सर्व्हर किंवा डेटाबेस नसताना त्यांच्यावरील हल्ल्यांचे नियम बाळगण्याची गरज नव्हती, म्हणून ते गट काढून टाकले. त्याहून मोठा फरक सुरिकाटा वॅनवरून (इंटरनेटकडच्या बाजूवरून) हलवून फक्त लॅनवर (घराकडच्या बाजूवर) ठेवल्याने पडला. वॅनवर ते अशीही पॅकेट तपासत बसते, जी पीएफ हे फायरवॉलचे पॅकेट गाळणारे इंजिन पुढच्याच पायरीवर टाकून देणार असते. लॅनवर मात्र नॅट होण्यापूर्वीचा, म्हणजे सर्वांना एकच बाह्य पत्ता लागण्यापूर्वीचा, मूळ पत्ता दिसतो, त्यामुळे घरातले कोणते उपकरण संशयास्पद वागते आहे ते थेट कळते. शिवाय आज बहुतेक वेब वाहतूक एचटीटीपीएसने कूटबद्ध असल्याने आतला मजकूर सुरिकाटाला वाचता येतच नाही. नेटफ्लोची, म्हणजे कोणी कोणाशी किती डेटाची देवाणघेवाण केली याची, आकडेवारी कोणी उघडून पाहत नव्हते, तीही बंद केली. त्याने डिस्कवरचे सततचे लेखन थांबले.

डीएनएसच्या ब्लॉकलिस्ट (फसव्या व नकोशा संकेतस्थळांची नावे अडवणाऱ्या याद्या) मात्र मी काढल्या नाहीत, तीच नावे पुन्हा असणाऱ्या याद्या तेवढ्या कमी केल्या. आईबाबांच्या फोनवर वीजबिलाच्या आणि केवायसीच्या नावाने फसव्या लिंक येतात आणि अशा वेळी ही साधी यादी घराच्या फार उपयोगी पडते. खुद्द पीएफची भूक नगण्य आहे: एका जोडणीच्या नोंदीला साधारण १ केबी, म्हणजे दहा हजार जोडण्यांना जेमतेम १० एमबी.

आता नियम अद्ययावत होतानाही स्वॅपला हात लागत नाही. पुढच्या अपग्रेडआधी कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून घेणार आहे आणि झेडएफएसचे बूट एन्व्हायर्नमेंटही (सिस्टीमची जपून ठेवलेली प्रत) तयार ठेवणार आहे, जेणेकरून काही बिघडलेच तर रीबूट करताना जुनी आवृत्ती निवडता येईल.