आमची वाटचाल : जुन्या गाडीला चौथा गिअर

आमचा व्यवसाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुरुस्तीतून उभा राहिला. जळलेल्या क्लच प्लेटा बदलणे, गळणारे ऑईल सील नवे बसवणे, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा मार्ग बदलून गिअर पाडणारा भाग) उघडून साफ करणे, हे सुरुवातीचे नित्याचे काम होते. जुन्या अमेरिकी गाड्या जिवापाड जपणारे मालक हळूहळू आमच्याकडे येऊ लागले, आणि गाडी दुरुस्त होऊन ताब्यात मिळाली की त्यांतले बहुतेक जण हमखास विचारत, की आता हिचे ॲव्हरेजही थोडे वाढवता येईल का? इंजिन मूळचेच राहावे, पण लांबच्या प्रवासाला गाडी काढताना पेट्रोलच्या हिशेबाने मन मागे घेऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असे. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शोधता शोधता आमच्या कामाची दिशा ठरली.

या गाड्या ज्या काळात तयार झाल्या, तेव्हा पेट्रोल स्वस्त होते. जनरल मोटर्सच्या १९६९ च्या मॉडेलपासून वापरात आलेल्या टर्बो ३५० या गिअरबॉक्सला तीनच गिअर होते आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन व मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ सारख्याच वेगाने फिरत. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे, की इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलामार्फत ताकद पुढे जात असल्यामुळे काही फेरे तिथेच वाया जातात आणि त्यांची उष्णता होते. ही घसरण थांबवणारा लॉक-अप क्लच पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९४९ मध्येच आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये दिला होता. इतकी चांगली कल्पना पुढे कितीतरी वर्षे मागे पडली, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र चित्र बदलले. फोर्डचा एओडी १९८० मध्ये, जनरल मोटर्सचा २००-४आर १९८१ मध्ये आणि ७००आर४ १९८२ मध्ये आला. या तिन्हींमध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे इंजिनाला प्रोपेलर शाफ्टपेक्षा हळू फिरू देणारा, चौथा गिअर होता आणि जनरल मोटर्सच्या दोन्ही गिअरबॉक्सना लॉक-अपही होते.

आमचे काम मुख्यतः या शेवटच्या दोन गिअरबॉक्सवर चालते. मात्र आम्ही सुरुवात गिअरबॉक्सपासून करत नाही. आधी डिफरन्शिअलचे प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) आणि टायरचा परीघ मोजतो. समजा, डिफरन्शिअल ३.७३ चे आहे आणि टायरचा परीघ २.०५ मीटर आहे, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला टर्बो ३५० च्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण ३,०३० फेरे घेते. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० चा (म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ०.७० फेरे) असल्याने त्याच वेगाला ते २,१२० वर उतरते. खरी गंमत पुढे आहे. टर्बो ३५० चा पहिला गिअर २.५२ चा, तर ७००आर४ चा ३.०६ चा आहे, त्यामुळे डिफरन्शिअल बदलून ३.०८ चे बसवले तरी जागेवरून उठण्याची ताकद तसूभरही कमी होत नाही. दोन्ही वेळा पहिला गिअर आणि डिफरन्शिअल यांचा गुणाकार ९.४ च्याच आसपास येतो, आणि १०० च्या वेगाला इंजिन जेमतेम १,७५० फेऱ्यांवर चालते. हे गणित कागदावर मांडून दाखवले की ग्राहकाला सारे काही समजते, असा आमचा अनुभव आहे.

तरीही हा सरसकट उपाय नव्हे. तेज कॅमशाफ्ट (जास्त फेऱ्यांवर ताकद मिळावी म्हणून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) बसवलेले इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर ओढत नाही, ते धडधडू लागते आणि मग थ्रॉटल अधिक उघडावा लागल्याने बचत हातची जाते. अशा गाडीचे डिफरन्शिअल आम्ही आहे तसेच ठेवतो. ज्यांची गाडी केवळ शहरात फिरते, त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की आधी कार्बुरेटर आणि इग्निशनचे टायमिंग नीट करून घ्या, कारण चौथा गिअर लागायला मुळात मोकळा रस्ता हवा. २००-४आर ची लांबी टर्बो ३५० इतकीच असल्याने त्याला प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, म्हणून मूळ गाडीला कमीत कमी हात लावावा असे वाटणाऱ्यांना आम्ही तोच सुचवतो.

जुळणीत आमचा सर्वाधिक वेळ ७००आर४ च्या तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच पॅकवर, म्हणजे क्लच प्लेटांच्या संचावर, जातो. सर्क्लिप (प्लेटा जागेवर धरणारी कडी) बसवल्यावर प्लेटांमधली मोकळीक आम्ही फीलर गेजच्या मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी मोजतो, आणि ती एका मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत वेगळ्या जाडीच्या स्टील प्लेटा लावून पाहतो. मोकळीक जास्त राहिली तर क्लच उशिरा पकडतो आणि घासतो, कमी राहिली तर सुटलेल्या अवस्थेतही ओढत राहून तेल तापवतो.

गिअरबॉक्स गाडीत चढल्यावर थ्रॉटलच्या केबलची पाळी येते. पेडल किती दाबले आहे हे गिअरबॉक्सला या केबलमुळेच कळते आणि त्यानुसार तेलाचा दाब वाढतो. दुसऱ्या बनावटीचा कार्बुरेटर असेल तर केबल ओढली जाण्याचे अंतर मूळ मापाशी जुळत नाही, म्हणून योग्य ब्रॅकेट लावून, प्रेशर गेज जोडून आम्ही ती बसवतो. केबल सैल राहिली तर दाब कमी पडून नव्या प्लेटा थोड्याच प्रवासात जळतात, त्यामुळे हे काम झाल्याशिवाय आम्ही गाडी रस्त्यावर काढत नाही. लॉक-अपसाठी चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच, व्हॅक्यूम स्विच आणि ब्रेकचा स्विच अशी साधी वायरिंग पुरते. लॉक-अप लागताच टॅकोमीटरचा काटा आणखी दीड-दोनशे फेऱ्यांनी खाली येतो, आणि तो क्षण मालकाने शेजारी बसून पाहावा असा आमचा आग्रह असतो.

स्पीडोमीटरचा गिअर नव्या मापाप्रमाणे बदलल्याशिवाय आम्ही ॲव्हरेजचा आकडा सांगत नाही, कारण किलोमीटरच चुकीचे मोजले जात असतील तर बचतीला अर्थ उरत नाही. टाकी पूर्ण भरून, त्याच रस्त्यावर आणि त्याच वेगाने, काम करण्यापूर्वी व नंतर अशा दोन्ही चाचण्या घेण्याची शिस्त आम्ही पाळतो.

अलीकडे आम्ही ७००आर४ चाच इलेक्ट्रॉनिक वारसदार असलेला ४एल६०-ई स्वतंत्र कंट्रोलरसह जुन्या गाड्यांत बसवू लागलो आहोत. त्यात थ्रॉटलची केबल नसते, तेलाचा दाब आणि लॉक-अपचा वेग लॅपटॉपवरून ठरवता येतो. ज्या मालकांना कार्बुरेटरवर थ्रॉटल सेन्सर लावलेला चालतो, त्यांच्यासाठी हा मार्ग अधिक नेमका आहे. बाकीच्यांसाठी केबलवर चालणारे गिअरबॉक्स आम्ही आजही तितक्याच निगुतीने बांधतो.