ज्यूरीत बसले तेव्हा ऐकलेला एक ‘शायद’

इथली सिटिझनशिप घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी कोर्टाचं समन्स पोस्टाने घरी आलं. कॅलिफोर्नियात ज्यूरीची, म्हणजे खटला ऐकून दोषी की नाही हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांची, नावं मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स वगैरेंच्या रेकॉर्डमधून काढतात, त्यामुळे कधीतरी येणारच होतं. ऑफिसमध्ये ज्याला त्याला सांगितलं तो सुटका कशी करून घ्यायची तेच शिकवायला लागला, पण मला मनापासून जायचं होतं.

पहिला दिवस नुसता बसून राहण्यात जातो. मग तुमच्या ग्रुपला कोर्टरूममध्ये बोलावतात आणि जज आणि दोन्हीकडचे वकील प्रश्न विचारत एकेकाला गाळत जातात. गंभीर गुन्हा असेल तर साधारणपणे दोन्ही बाजूंना प्रत्येकी 10 जणांना कारण न सांगता काढता येतं. मला विचारलं, तुम्हाला हिंदी येतं का, कारण एक साक्षीदार हिंदीत बोलणार आहे. मी हो म्हणाले. मग जजने नीट समजावून सांगितलं की साक्षीदार काय बोलला हे तुम्हाला समजलं तरी इंटरप्रिटर इंग्लिशमध्ये जे सांगेल तोच पुरावा, तेच धरून चालायचं. चालेल ना? म्हटलं चालेल. त्या क्षणी ते सोपं वाटलं होतं.

खटला दुकानातल्या लुटीचा होता, याहून जास्त तपशील देत नाही. (निकालानंतर ज्यूररला बोलायची मोकळीक असते, तरी त्यात माणसं आहेत.) तो हिंदी बोलणारा साक्षीदार म्हणजे रात्री काउंटरवर असलेला माणूस. वकिलाने विचारलं, समोर बसलाय तोच का? तो थोडा थांबला, आरोपीकडे बघितलं आणि म्हणाला, "शायद यही था." आणि इंग्लिशमध्ये आलं, "हाच होता."

माझ्या पोटात गोळाच आला. शेजारचा ज्यूरर वहीत काहीतरी लिहून घेत होता, म्हणजे त्याच्या वहीत ते आता पक्कं झालं. आणि नियम असा की ते भाषांतर मी बाकीच्यांना दुरुस्त करून सांगायचं नाही, आत खोलीत चर्चा चालू असताना पण नाही. चूक वाटली तर ताबडतोब चिठ्ठी लिहून कोर्टाच्या माणसाकडे द्यायची, एवढंच. माझा हात थरथरत होता, मला नीट ऐकू आलं का, मी चुकले तर काय, एवढ्या लोकांसमोर काम थांबणार. तरी लिहिलं. आम्हाला बाहेर पाठवलं, बराच वेळ तिकडेच उभं ठेवलं, परत आत आलो तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि यावेळी इंग्लिशमध्येसुद्धा ‘बहुतेक’ आलं. जज एवढंच म्हणाले की आधीचं उत्तर विसरा, हे धरा.

त्या रात्री झोप लागली नाही. केसबद्दल नवऱ्याशीही बोलायचं नाही, गुगल करायचं नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच फिरत राहतं. आणि मला सारखे टिळक आठवत होते. 1908 चा राजद्रोहाचा खटला आपण शाळेत शिकतो, पण शिकतो ते ‘मी निर्दोष आहे’ या वाक्यासाठी. लेख केसरीतले, मराठीतले, आणि ज्यूरीत 7 युरोपियन आणि 2 पारशी. लेख त्यांच्यासमोर गेले ते इंग्लिश भाषांतरातून, आणि ती भाषांतरं कुठे कुठे चुकलीत हे टिळक स्वतः उभे राहून त्यांना समजावत होते. लहानपणी हा भाग मला कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं सगळा खटला तिथेच होता. निकाल 7 विरुद्ध 2 ने दोषी, आणि तेवढ्यावर 6 वर्षं मंडाले. इथे क्रिमिनल केसमध्ये बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, तो नियम तेव्हा तिथे असता तर त्या दोघांमुळे दोषी ठरवताच आलं नसतं.

आमच्यातही पहिल्या मतदानाला 9 जण दोषी म्हणाले, 3 नाही. मी त्या तिघांत होते. दोन दिवस त्या बंद खोलीत बसलो. कोणी ओरडलं नाही, पण एका बाईंना रडू आलं. एकाला रोज कामावर गेलं तरच पगार मिळतो, इथे ज्यूररला कामावरून काढता येत नाही पण मालकाने पगार द्यायलाच हवा असंही नाही, आणि कोर्ट देतं दुसऱ्या दिवसापासून रोजचे 15 डॉलर. हे फार चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तो माणूस दुसऱ्या दिवशी सहज म्हणू शकला असता की चला उरकून टाकू. उलट त्यानेच सगळ्यांना पुन्हा पुन्हा त्या ‘बहुतेक’वर आणलं, की दुसरा काय पुरावा आहे आपल्याकडे? बोटांचे ठसे नाहीत, व्हिडिओत तोंड दिसत नाही. मी चिठ्ठी लिहिली होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल मला कोणी एक शब्द विचारला नाही आणि मीही बोलले नाही.

शेवटी बाराही जण ‘दोषी नाही’वर आलो. त्याने ते केलंच नाही असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. रीझनेबल डाउट, म्हणजे रास्त शंका, उरला, एवढंच म्हणता येतं, आणि आम्हाला प्रश्नही तेवढाच होता. निकाल वाचल्यावर एकेका ज्यूररला नंबराने विचारलं, हा तुमचाच निर्णय आहे का? मी हो म्हणाले, आवाज जरा मोठाच निघाला.

काउंटरवरचा तो माणूस तेव्हा कोर्टात नव्हता. बहुतेक ड्युटीवर असेल. त्याच्या तोंडावर बंदूक धरली होती कोणीतरी, ते तर खरंच होतं, आणि एवढं होऊनही समोरच्या माणसाबद्दल त्याने आधी ‘शायद’ म्हटलं. अजूनही मधेच तो आठवतो, आरोपीकडे बघताना थांबलेला.