थंडी पडली की बाबा खूश, मी गोधडीत

डिसेंबरात आमच्याकडे कोणाचाही फोन आला तरी पहिला प्रश्न थंडीचाच. पडली का, मोहोर कसा आहे. बाबांची सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर, हापूसची कलमं आहेत, त्यामुळे ह्या दिवसांत त्यांचा नूरच वेगळा, पहाटे उठून पडवीतला थर्मामीटर बघणार, १६-१७ दिसलं की हात चोळत आईला म्हणणार "चाय टाक गो, आज बरी पडल्ये." आणि मी आतल्या खोलीत गोधडी डोक्यावरून घेऊन. नऊ-साडेनऊपर्यंत.

मुंबई सोडून गावी आल्याला चार वर्षं झाली, लॅपटॉपवरचं काम इथूनच चालतं. पहिल्या वर्षी वाटलं आळस आलाय. दिवाळीला आलेले चाकरमानी परत जातात, वाडीतली निम्मी घरं कुलपात, संध्याकाळी सहाला काळोख, म्हटलं असेल तसं थोडं. पण मग झोप संपेना, भात पुढ्यात आला की दुप्पट खायचो, मित्रांचे फोन वाजत ठेवायचो आणि एकदा तर आंघोळीचं पाणी चुलीवर तापून तापून आटलं तरी मी मागच्या दारी पायरीवर बसूनच होतो, उठून बादली उचलायची एवढंही जमेना. आई म्हणाली, "काय झाला रे तुला?" काय सांगणार, काही झालेलंच नव्हतं ना! फेब्रुवारी संपता संपता आपोआप बरं वाटायला लागलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, देवदिवाळीच्या सुमाराला सुरू.

लोकांना सांगितलं तर हसतात. कोकणात कसली थंडी आणि कसलं डिप्रेशन, इथे तर लोक पैसे खर्चून येतात डिसेंबरात. वर आमच्या जिल्ह्याचा जुना विनोद आहेच, बाकी महाराष्ट्र ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवतो, आम्हाला लांब जायला नको, मनोरुग्णालय रत्नागिरीतच. ह्या विनोदापायी मी एक अख्खा सीझन डॉक्टरकडे गेलो नाही, हे आता लिहायला लाज वाटत नाही.

गेलो तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन. कारण नुसता थकवा आणि झोप ह्यांतूनही येऊ शकते. मग विचारलं, दरवर्षी ह्याच महिन्यांत होतं का आणि उन्हाळ्यात पूर्ण जातं का. कमीत कमी लागोपाठ २ वर्षं तसं झालं तरच ऋतूशी नातं लावतात म्हणे. हा आजार, म्हणजे ऋतूबरोबर येणारं-जाणारं डिप्रेशन (सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर), मुळात लांब रात्रींच्या देशांतला. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल ह्या डॉक्टरने सहकाऱ्यांबरोबर त्याचं वर्णन केलं, आणि मजा म्हणजे तो स्वतः जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला गेलेला, तिथल्या हिवाळ्यात त्याचंच मन बसायला लागलं होतं. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, आमच्याकडे सगळ्यात छोटा दिवस अकरा तासांचा, त्यामुळे माझं तेच आहे असं डॉक्टरांनी छापून दिलं नाही आणि मीही म्हणणार नाही. डिप्रेशन आहे आणि ते थंडीत येतं, एवढं नक्की. त्या वर्षी काही महिने गोळ्या लागल्या. मध्येच बरं वाटलं म्हणून स्वतःच्या अकलेने बंद केल्या आणि बोलणी खाल्ली, तेवढं करू नका.

पण सकाळच्या उजेडात किती असतोस, असं डॉक्टरांनी विचारलं होतं ते डोक्यात राहिलं. आमचं घर खाली वहाळाच्या कडेला, माडापोफळीच्या वाडीत, पूर्वेला डोंगर. किनाऱ्यावर राहतो म्हणजे सूर्यास्त फुकट बघायला मिळतो, सकाळचं ऊन मात्र डोंगर चढून, पोफळींतून गाळून, नऊ वाजून गेल्यावर खळ्यात पोचतं. मुंबईत मी रोज साडेसातला स्टेशनपर्यंत उन्हात चालायचो, इथे उठून थेट पडवीत लॅपटॉप. सहज म्हणून फोनवर उजेड मोजायचं अ‍ॅप टाकलं, पडवीत आकडा ९० लक्स. त्या थंड देशांत ह्या आजारासाठी दिवा देतात तो १०,००० लक्सचा, सकाळी अर्धा तास. फोनचा आकडा काही खरा नसतो, पण ९० आणि १०,०००!

दिवा घेतला नाही. वर सडा आहे की फुकटचा. आता साडेसातला पाखाडी चढतो, जांभ्याच्या पायऱ्या दहिवराने निसरड्या, धाप लागते, शिव्या घालतो, पण वर पोचलो की सगळा कातळ उघडा आणि सुकलेल्या गवतावर ऊन. सूर्याकडे टक लावायची नाही, नुसतं उघड्यावर अर्धा-पाऊण तास असायचं. शेजारचे काका सांगतात ड जीवनसत्त्व मिळतं. ते दुपारच्या उन्हाचं काम काका, सकाळचा उजेड डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळाला जातो. ऐकत नाहीत, असो.

रोज जमतं असं नाही. आठवड्यातले दोन दिवस गोधडी जिंकते. म्हणून फवारणीचं खातं मी मागून घेतलं, तुडतुडे दिसले का, कुठल्या कलमाला मोहोर फुटला, वहीत लिहायचं, कारण मी नाही गेलो तर बाबा गुडघा दुखत असताना स्वतः चढतात. मनाला लाज नाही वाटली तरी पायांना वाटते. आणि अगदीच वाईट दिवशी, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर कोणी हसेल का बघत बसू नका, १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

काल बाबांना सांगितलं की २१-२२ डिसेंबरला दिवस सगळ्यात छोटा असला तरी आपल्याकडे सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर. ते मोहोर बघत होते. थंडी फार लांबली की पुनर्मोहोर येतो आणि धरलेली कैरी गळते, त्याची त्यांना काळजी. म्हणाले, "म्हंजे अजून महिनाभर तुझा तोंड असाच काय?"

असाच, म्हटलं. पण वही भरतोय ना.